कन्सोल एम्युलेटर कायदेशीर आहेत का? कनेक्टिक्स, युझू आणि आपले कलम ५२

मुळाकाठ

जुन्या गेम्सची चर्चा निघाली की एम्युलेटरविषयी दोन ठाम विधाने हमखास ऐकायला मिळतात. एक, एम्युलेटर वापरणे म्हणजे चोरीच. दुसरे, गेम दुकानात मिळत नसेल तर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायला काहीच हरकत नाही. ही दोन्ही विधाने कायद्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. मी वकील नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो आणि या विषयावरचे महत्त्वाचे निकाल मुळातून वाचले आहेत. ज्यांचा कायद्याचा अभ्यास आहे त्यांनी भर जरूर घालावी.

गल्लत होते ती तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र धरल्यामुळे. पहिली गोष्ट म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर उभे करणारा प्रोग्राम, म्हणजे खुद्द एम्युलेटर. दुसरी, कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळण्याच्या खास यंत्रात, कंपनीने घातलेले मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस किंवा फर्मवेअर. तिसरी, गेमची प्रत, जिला आपण सरसकट रॉम म्हणतो. एम्युलेटर त्याच्या लेखकाचा असतो, बायोस कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचा आणि गेम त्याच्या प्रकाशकाचा. त्यामुळे "एम्युलेशन कायदेशीर आहे का" या प्रश्नाला एकच उत्तर असूच शकत नाही.

पहिल्या गोष्टीबाबत अमेरिकेत जो निकाल आजही आधार म्हणून सांगितला जातो, तो कनेक्टिक्सचा. १९९९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील या कंपनीने मॅकवर्ल्ड प्रदर्शनात 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' हे सॉफ्टवेअर आणले आणि त्यामुळे सोनी प्लेस्टेशनच्या सीडी मॅक संगणकावर चालू लागल्या. त्याच्या काही महिने आधी कनेक्टिक्सने सोनीकडे तांत्रिक साहाय्य मागितले होते आणि सोनीने ते नाकारले होते. मग त्यांच्या अभियंत्यांनी बाजारातून प्लेस्टेशन विकत घेतले, त्याच्या चिपमधला बायोस बाहेर काढला, तो संगणकाच्या मेमरीत उतरवला आणि डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम पायरीपायरीने तपासणारे साधन, लावून तो कोणत्या क्षणी काय मागतो आणि काय परत देतो हे टिपत गेले. आधी हार्डवेअरची नक्कल करणारा भाग लिहून तो सोनीच्याच बायोसवर चालवून पाहिला. त्यानंतर बायोसची जागा घेणारा कोड स्वतः लिहिला. या कामात सोनीच्या बायोसची प्रत वारंवार तयार होत होती, ही गोष्ट कोणी नाकारली नाही. ग्राहकाला विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सोनीचा कोड नव्हता.

कनिष्ठ न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये सोनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला. फेब्रुवारी २००० मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय, अपील न्यायालयाने तो उठवला. त्या निकालाचा गाभा असा की, बायोस कसा चालतो ही माहिती कॉपीराइटने संरक्षित नाही, पण कोडची मधली प्रत केल्याशिवाय त्या माहितीपर्यंत पोहोचताच येत नाही, म्हणून अशी मधली प्रत हा 'रास्त वापर', म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेला वापर, ठरतो. याच न्यायालयाने १९९२ साली सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड खटल्यात हेच तत्त्व मांडले होते. सोनीची काही विक्री बुडेल हे न्यायालयाने मान्य केले, परंतु स्वतःचे गेम चालवणाऱ्या यंत्रांच्या बाजारावर ताबा ठेवण्याचा हक्क कॉपीराइट कायदा देत नाही, असेही स्पष्ट केले. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कॉपीराइट अभिव्यक्तीला संरक्षण देतो; यंत्राच्या कार्यपद्धतीवर कायमची मक्तेदारी हवी असेल तर पेटंटच्या कठोर अटींमधून जावे लागते.

निकाल जिंकूनही कनेक्टिक्सचे उत्पादन टिकले नाही. २००१ मध्ये सोनीने ते विकत घेतले आणि बंद केले. त्याच काळात 'ब्लीम' नावाचा दुसरा व्यावसायिक एम्युलेटर विंडोजवर होता. त्याच्या जाहिरातीत प्लेस्टेशनच्या चित्रांशी तुलना केली म्हणून सोनीने दावा लावला, नवव्या सर्किटने तोही मुद्दा ब्लीमच्या बाजूने सोडवला, आणि तरीही कोर्टकचेरीच्या खर्चाने वाकलेली ती कंपनी नोव्हेंबर २००१ मध्ये बंद पडली. कायदा आपल्या बाजूने असणे आणि तो सिद्ध करण्याइतके पैसे जवळ असणे, यांतले अंतर या विषयात पावलोपावली जाणवते.

मग आज कंपन्या एम्युलेटर बंद पाडतात त्या कशाच्या बळावर? उत्तर कूटबद्धीकरणात आहे. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा तांत्रिक कुलूप फोडण्याला, आणि फोडण्याचे साधन पुरवण्याला, कॉपीराइटच्या भंगाहून वेगळा गुन्हा मानतो. निन्टेंडो स्विचचे गेम कूटबद्ध असतात आणि ते उलगडायला कन्सोलमधल्या किल्ल्या लागतात. 'युझू' हा स्विचचा एम्युलेटर त्या किल्ल्या स्वतः पुरवत नव्हता. वापरणाऱ्याने त्या आपल्या कन्सोलमधून काढून द्याव्यात अशी अपेक्षा होती. तरीही २६ फेब्रुवारी २०२४ रोजी निन्टेंडोने त्यामागच्या ट्रॉपिक हेझ या कंपनीवर ऱ्होड आयलंडच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला आणि आठवडाभरातच, ४ मार्चला, २४ लाख डॉलर देण्याची तडजोड जाहीर झाली. युझू बंद झाला आणि त्याच मंडळींचा निन्टेंडोच्याच थ्रीडीएस या यंत्रासाठीचा 'सिट्रा' हा एम्युलेटरही बंद झाला. इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. ही तडजोड होती. न्यायाधीशांनी पुरावा तपासून, दोन्ही बाजू ऐकून दिलेला तो निर्णय नव्हे, त्यामुळे कनेक्टिक्सचा निकाल त्याने रद्द झालेला नाही. 'युझूच्या खटल्यात एम्युलेटर बेकायदा ठरले' असे जे लिहिले जाते ते चुकीचे आहे.

आपल्याकडचा कायदा मला या बाबतीत अमेरिकेपेक्षा अधिक समजूतदार वाटतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये संगणक प्रोग्रामविषयी चार अपवाद शेजारी शेजारी आहेत. कायदेशीर ताबा असणाऱ्याने नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून केलेली बॅकअप प्रत. स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम इतर प्रोग्रामसोबत चालावा यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्याची कृती. प्रोग्राममागच्या कल्पना आणि तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण व चाचणी. आणि स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून अव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी केलेली प्रत. कनेक्टिक्सला जे रास्त वापराच्या लवचीक तत्त्वातून वादावादी करून मिळवावे लागले, ते आपल्या संसदेने १९९९ च्या दुरुस्तीत जवळजवळ शब्दांत लिहून ठेवले आहे. एवढे असूनही आपण या विषयावर परदेशी निकालांच्या बातम्या वाचूनच मत बनवतो.

खेळघर_नाशिक

फार उपयुक्त लिहिले आहे. माझा प्रश्न अगदी साधा आहे. आमच्या घरी प्लेस्टेशन २ होता, त्याची लेन्स गेली आहे आणि दुरुस्त करून देणारा कोणी मिळत नाही. मूळ, दुकानातून पावतीसह घेतलेल्या डीव्हीडी मात्र सुस्थितीत आहेत. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये त्या घालून एम्युलेटरवर खेळलो तर मी काही गुन्हा करतो का? आणि एम्युलेटर जो बायोस मागतो, तो एखाद्या संकेतस्थळावरून घेतला तर चालेल का? यंत्र तर माझ्याच मालकीचे आहे.

अ‍ॅड_रेवा

मुळाकाठ यांनी कलमे बरोबर दिली आहेत. मी बौद्धिक संपदेची प्रकरणे पाहते, म्हणून त्यांच्या मांडणीत एक महत्त्वाची भर घालते आणि मग खेळघर यांच्या प्रश्नाकडे येते.

त्यांनी सांगितलेले चारही अपवाद 'संगणक प्रोग्राम'पुरते आहेत. व्हिडिओ गेम मात्र निव्वळ प्रोग्राम नसतो. त्यात चित्रे असतात, संगीत असते, संवाद असतात, आणि पडद्यावर दिसणाऱ्या चलचित्रांना चित्रपट या वर्गात बसवण्याचा युक्तिवाद होऊ शकतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या प्रकरणात नेमके हेच म्हटले की व्हिडिओ गेम ही गुंतागुंतीची निर्मिती आहे आणि तिला केवळ संगणक प्रोग्रामचे नियम लावून भागत नाही. तोच विचार आपल्याकडे कोणी मांडला तर प्रोग्रामच्या प्रतीला वैयक्तिक वापराच्या चौथ्या अपवादाचे, म्हणजे खंड (एडी) चे, संरक्षण मिळेल, पण त्याच डीव्हीडीवरच्या संगीताचे काय, असा प्रश्न उभा राहील.

माझ्या मते त्याचे उत्तर कलम ५२(१)(ए) मध्ये आहे. संगणक प्रोग्राम वगळून अन्य कोणत्याही कृतीचा खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त व्यवहार तिथे अपवाद म्हणून मान्य आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर 'कोणतीही कृती' ही व्याप्ती पुष्कळ रुंद झाली आहे. म्हणजे प्रोग्रामचा भाग (एडी) खाली आणि उरलेला भाग (ए) खाली, असे दोन्ही खंड जोडून वाचले तर आपल्या मूळ डीव्हीडीवरून स्वतःपुरती प्रत करणे संरक्षित ठरते. हा माझा युक्तिवाद आहे. तो मला भक्कम वाटतो, परंतु कन्सोलच्या गेमबाबत तो न्यायालयात तावून सुलाखून निघालेला नाही, हे लक्षात ठेवूनच त्यावर विसंबावे.

आता खेळघर यांचा प्रश्न. मूळ डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून थेट खेळणे, किंवा तिची स्वतःसाठी प्रतिमा काढून खेळणे, यात मला गुन्हा दिसत नाही. संकेतस्थळावरून बायोस उतरवण्याची गोष्ट निराळी. कलमात 'स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून' केलेली प्रत असे म्हटले आहे. संकेतस्थळावरचा बायोस तुमच्या यंत्रातून निघालेला नसतो. ती कोणीतरी विनापरवाना वाटलेली प्रत असते. यंत्र तुमचे असले तरी त्या प्रतीचा उगम त्याने बदलत नाही. लेन्स गेली म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. मेमरी कार्डवरून छोटा प्रोग्राम चालवून त्याच यंत्रातला बायोस बाहेर काढता येतो. तो मार्ग धरावा.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी कलम ६३बी वाचावे. उल्लंघन करणारी प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आर्थिक लाभासाठी किंवा धंद्याच्या ओघात वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. घरगुती खेळाडूवर अशी कारवाई झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, पण तरतूद पुस्तकात आहे.

साकेत_गेमडेव्ह

मी एका लहान गेम स्टुडिओत काम करतो आणि या धाग्यात आमची बाजू यावी म्हणून लिहितो. युझूच्या प्रकरणात सहानुभूती सगळी एम्युलेटरच्या बाजूने जाते, पण निन्टेंडोच्या तक्रारीत कुलूप फोडण्याच्या आरोपासोबत आणखी काय म्हटले होते ते पाहा. 'झेल्डा' मालिकेतला नवा गेम १२ मे २०२३ रोजी विक्रीस येणार होता. त्याआधीच त्याची प्रत फुटली आणि तक्रारीनुसार प्रकाशनापूर्वीच ती दहा लाखांहून अधिक वेळा उतरवली गेली. त्याच काळात युझूला पेट्रिऑन या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरून मिळणारा पाठिंबा वाढला आणि ती रक्कम दरमहा सुमारे ३० हजार डॉलर होती, असेही तक्रारीत म्हटले होते.

इथे बाजारात न मिळणाऱ्या, विस्मरणात गेलेल्या गेमचा प्रश्न नव्हता. विक्री चालू असलेल्या, किंबहुना सुरूही न झालेल्या गेमचा होता. शेकडो लोकांची अनेक वर्षांची मेहनत पहिल्या काही आठवड्यांच्या विक्रीवर उभी असते आणि लहान स्टुडिओचे तर पुढचे अस्तित्वच त्यावर ठरते. एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी 'आम्ही केवळ यंत्राची नक्कल करतो' असे म्हणून हात झटकावेत आणि त्याच वेळी नव्या गेमसाठीच्या खास सुधारणा वर्गणीदारांना आधी द्याव्यात, हे मला पटत नाही. कायद्याचे मला फारसे कळत नाही, परंतु न्यायाची म्हणून एक बाजू इथेही आहे.

मुळाकाठ

साकेत, तुमच्या म्हणण्यातला मुख्य भाग मला पूर्ण मान्य आहे. चालू पिढीच्या कन्सोलचा एम्युलेटर आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या कन्सोलचा एम्युलेटर, या दोन्हींमागचे तंत्र एकच असले तरी त्यांचे परिणाम सारखे नाहीत. विक्रीत असलेला गेम पैसे देऊन घेणे हे कायद्याच्याही आधी साध्या प्रामाणिकपणात येते.

तरीही एक फरक सोडता कामा नये. प्रत फोडणाऱ्यांवर आणि ती वाटणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करण्याचे मार्ग कंपन्यांकडे आधीपासून आहेत आणि त्या ते वापरतातही. २०१८ मध्ये निन्टेंडोने 'लव्हरॉम्स' या संकेतस्थळावर अ‍ॅरिझोनात दावा लावला आणि त्यात १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा झाला. त्याला कोणी आक्षेप घेत नाही, मीही घेत नाही. आक्षेप आहे तो प्रत वाटण्याच्या अपराधाचे ओझे यंत्राच्या अभ्यासावर टाकण्याला. युझूचा कोड मुक्त स्रोत होता. त्यात स्विचच्या ग्राफिक्स चिपविषयी, त्याच्या कार्यप्रणालीविषयी वर्षानुवर्षे जमवलेले ज्ञान होते. वर्गणीची पद्धत चुकीची असेल तर ती थांबवता आली असती.

आणि ऑक्टोबर २०२४ मधला 'र्‍युजिंक्स'चा शेवट पाहा. हाही स्विचचाच एम्युलेटर. तिथे खटलासुद्धा झाला नाही. निन्टेंडोने मुख्य विकसकाशी संपर्क साधला, काम थांबवण्याचा करार पुढे ठेवला आणि प्रकल्प संपला. कोणत्या नियमाचा भंग झाला हे कोणत्याही न्यायालयाने तपासलेले नाही. प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचतच नसेल तर कायदा नेमका काय आहे हे ठरणार कसे?

दिवेआगर_९

तांत्रिक बाजूने थोडे लिहितो, कारण 'कुलूप फोडणे' म्हणजे काय यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे आणि प्रत्येक कन्सोलचे कुलूप वेगळे आहे.

पहिल्या प्लेस्टेशनची सीडी हे उत्तम उदाहरण आहे. तिच्यावरची माहिती कूटबद्ध नसते. साध्या संगणकाचा ड्राइव्ह ती वाचतो. खरी सीडी ओळखण्यासाठी सोनीने सीडीच्या अगदी आतल्या भागात, जिथून वाचन सुरू होते तिथे, खोबणीला एक मुद्दाम केलेली सूक्ष्म थरथर दिली होती. त्या थरथरीत चार अक्षरे दडलेली असतात: अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई, जपानसाठी एससीईआय. कन्सोल चालू झाल्यावर ती अक्षरे वाचतो आणि जुळली नाहीत तर सीडी नाकारतो. घरच्या सीडी रायटरला अशी थरथर काढताच येत नाही, म्हणून नक्कल केलेली सीडी मॉडचिप, म्हणजे ही तपासणी चुकवणारी जादा चिप, कन्सोलमध्ये बसवल्याशिवाय चालत नसे. आता एम्युलेटर काय करतो? तो ही अक्षरे विचारतच नाही. गेमची माहिती त्याला थेट मिळते. इथे कुलूप फोडले असे म्हणणे मला ओढूनताणून वाटते, कारण माहितीवर कुलूप नव्हतेच. ते कन्सोलच्या दारावर होते आणि कन्सोल तर या सगळ्यात कुठेच नाही.

निन्टेंडोच्या 'वी' (Wii) या कन्सोलची गोष्ट वेगळी. तिथे डिस्कवरची माहिती कूटबद्ध असते आणि ती उलगडण्यासाठी एक सामाईक किल्ली लागते. 'डॉल्फिन' या एम्युलेटरच्या कोडमध्ये ती किल्ली अनेक वर्षे उघडपणे आहे. २०२३ मध्ये डॉल्फिन 'स्टीम' या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात येणार होता. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने निन्टेंडोला विचारणा केली, निन्टेंडोने डीएमसीएचा हवाला देऊन आक्षेप घेतला आणि जुलैमध्ये डॉल्फिनच्या चमूने स्टीमचा नाद सोडला. एम्युलेटर मात्र त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आजही मिळतो. एवढ्याशा आकड्यांच्या ओळीवर कोणाचा हक्क असू शकतो का, हा प्रश्नच त्या वेळी चर्चेत होता. त्या ओळीत सर्जनशील असे काही नाही, म्हणून कॉपीराइट लागणार नाही असे मला वाटते; पण डीएमसीएच्या दृष्टीने ती कुलपाची किल्ली आहे आणि तेवढे त्यांना पुरते.

बायोसबाबतही एक गोष्ट सांगायची राहू नये. सगळ्याच एम्युलेटरांना मूळ बायोस लागत नाही. जुन्या काडतुसांच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आपण लहानपणी ज्यांना 'कॅसेट' म्हणत असू त्या गेम्सच्या यंत्रांत, बहुधा बायोस नव्हताच. आणि प्लेस्टेशनसारख्यांसाठी बायोसची कामे स्वतः लिहिलेल्या कोडने करणारे एम्युलेटर आहेत. कनेक्टिक्सने तेच केले होते.

खेळघर_नाशिक

रेवाताई आणि दिवेआगरदादा, दोघांचेही आभार. बायोस उतरवून घेण्याचा विचार सोडला. मेमरी कार्डाचा मार्ग शोधतो. मात्र यावरून एक शंका आली: बायोस बाहेर काढणे हेच कुलूप फोडणे ठरणार नाही ना? त्यालाही शिक्षा आहे असे कुठेतरी वाचले होते.

अ‍ॅड_रेवा

तुम्ही जे वाचले ते कलम ६५ए असावे. २०१२ च्या दुरुस्तीने ते आले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, परंतु त्याची रचना डीएमसीएपेक्षा मुळातच निराळी आहे. या कायद्याने दिलेल्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या 'उद्देशाने' तांत्रिक उपाययोजना भेदली तर तो गुन्हा आहे. नुसते भेदणे पुरेसे नाही. शिवाय पोटकलम (२) मध्ये, कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेल्या कृतीला हे कलम लागणार नाही असे म्हटले आहे. तुमच्या मालकीच्या यंत्रातून, तुमच्याच वापरासाठी, कलम ५२ मध्ये बसणारी प्रत काढताना तुमचा उद्देश उल्लंघनाचा नसतो. त्यामुळे तुम्हाला काळजीचे कारण मला दिसत नाही.

याच पोटकलमातली एक अट दुकानदारांनी नीट पाहावी. दुसऱ्यासाठी असे काम करून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, इतर तपशील आणि हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवणे बंधनकारक आहे. पैसे घेऊन कन्सोल 'जेलब्रेक' करून देणारी, म्हणजे त्यावरची कंपनीची बंधने काढून देणारी, दुकाने अशी नोंदवही ठेवत असतील असे मला वाटत नाही, आणि त्यांचा हेतू वैयक्तिक वापराच्या अपवादात बसवणेही कठीण आहे.

उलट बाजूचा एक निर्णयही सांगते, कारण तो न सांगणे अपुरे ठरेल. मोबाइल संच एका कंपनीच्या सेवेला जखडलेले होते आणि त्यांतल्या क्रमांकात फेरफार करून ते प्रतिस्पर्धी कंपनीच्या सेवेवर आणले गेले, अशा प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ साली कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६५ यांखालचा गुन्हा रद्द करण्यास नकार दिला होता. ते प्रकरण धंद्यातल्या स्पर्धेचे होते आणि ६५ए येण्यापूर्वीचे होते. तरीही यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करणे आपली न्यायालये नेहमीच हलक्यात घेतील असे मानू नये. प्रत काढणे आणि फेरफार करणे यांत अंतर ठेवा.

वाचनकट्टा

मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि इथे अजून न आलेला मुद्दा जतनाचा आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. अशा गेम्सचा संशोधकांना ग्रंथालयांमार्फत दूरस्थ वापर करता यावा म्हणून डीएमसीएतून सूट मागितली गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' निघाला. त्याच सुमारास 'देसी अड्डा' आला, ज्यात कबड्डी आणि पतंगांच्या काटाकाटीसारखे आपले खेळ होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला. हे गेम दर्जाने कसे होते हा वेगळा विषय, पण भारतीय स्टुडिओंनी कन्सोलसाठी केलेल्या सुरुवातीच्या कामाचा तो पुरावा आहे. प्लेस्टेशन २ बनणे २०१३ मध्ये थांबले. यंत्रांच्या लेन्स खेळघर यांच्याप्रमाणे एकेक करून जातील, आणि नंतर हे गेम पाहायचे झाले तर एम्युलेटरखेरीज दुसरा मार्ग उरणार नाही. कॉपीराइटची मुदत आपल्याकडे ६० वर्षांच्या हिशेबाने चालते. तोवर डीव्हीडीचा थर वाचण्याजोगा राहील याची खात्री कोण देणार? रेवाताई, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने अशा डीव्हीडींची प्रतिमा काढून जतन केली, तर त्याला आपल्या कायद्यात आधार आहे का?

साकेत_गेमडेव्ह

या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जुन्या प्रकल्पांचा मूळ कोड स्टुडिओंकडेही अनेकदा शिल्लक नसतो. कंपनी बंद होते, हार्ड डिस्क कुठे गेल्या ते कोणाला ठाऊक नसते. विकल्या गेलेल्या डीव्हीडीवरची प्रतच मग एकमेव प्रत उरते. अशा वेळी ग्रंथालयाला प्रत करू देण्यात कोणत्याही निर्मात्याचे नुकसान नाही.

अ‍ॅड_रेवा

वाचनकट्टा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला वाईट वाटते. कलम ५२(१)(एन) मध्ये अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याची मुभा आहे, पण त्यासाठी ग्रंथालयाकडे त्या कृतीची 'डिजिटल नसलेली' प्रत आधीपासून असावी लागते. ही तरतूद करताना डोळ्यांसमोर छापील पुस्तक होते. डीव्हीडीवरचा गेम मुळातच डिजिटल असल्याने या खंडाच्या शब्दांत तो बसत नाही. खंड (ओ) मध्ये भारतात विक्रीस नसलेल्या कृतीच्या तीन प्रती करता येतात, पण ती मुभा पुस्तकांपुरती आहे. आणि (एडी) वैयक्तिक वापरासाठी आहे, संस्थेने तो आधार घेणे अवघड.

म्हणजे आज आपल्याकडे स्थिती अशी आहे की खेळघर यांनी आपल्या 'देसी अड्डा'ची प्रतिमा घरी काढून ठेवली तर तिला संरक्षण आहे, आणि शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तीच गोष्ट सर्वांसाठी केली तर नाही. तात्पुरता खात्रीचा मार्ग म्हणजे हक्कधारकाची लेखी परवानगी घेणे. त्यासाठी प्रकाशक अजून अस्तित्वात असावा लागतो किंवा हक्क कोणाकडे गेले हे शोधावे लागते. खंड (एन) मधली 'डिजिटल नसलेली' ही अट काढून 'कायदेशीरपणे मिळवलेली' एवढीच अट ठेवली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. अशा दुरुस्तीचे निवेदन ग्रंथालयांच्या संघटनेमार्फत जावे असे मला वाटते. तुमच्या विभागातले प्राध्यापक तयार असतील तर कलमांसह मसुदा करून द्यायला मी तयार आहे. इथेच संदेश टाका.